मामाकाम

मिस्त्रींच्या घरात एक शब्द होता, तो बाहेरच्याला सांगूनही कळला नसता. शर्टाचं बटण दोन टाक्यांत लावून हात झटकले, की ते मामाकाम. भांडं वरून चकचकीत आणि बुडाला चिकट, तेही मामाकाम. लेक शाळेत असताना कसाबसा गृहपाठ उरकायची, तेव्हा मिस्त्रीणबाई वहीवर बोट ठेवून म्हणायच्या, "हे काय मामाकाम करून ठेवलंयस? पुन्हा लिही." पुढे लेकीचं लग्न झालं, जावई आला. तो लोकांना मोटार चालवायला शिकवायचा. वर्षभरात तोही एखाद्या शिकाऊ माणसाबद्दल सांगताना सहज म्हणू लागला, "गाडी लावली त्याने, पण अगदी मामाकाम." आणि नऊ वर्षांची नात तर हा शब्द असा वापरायची, की जणू तो शाळेच्या पुस्तकातच छापलेला आहे.

मामा म्हणजे लेकीचा मामा, मिस्त्रीणबाईंचा पाठचा भाऊ. घरात त्याला धाकटा म्हणत. म्हणत असत, असं म्हणायला हवं, कारण तीस वर्षांत तो त्या घराची पायरी चढला नव्हता आणि त्याची आठवण निघायची ती या शब्दापुरतीच.

एकट्या मिस्त्रींच्या तोंडून हा शब्द कधी कुणी ऐकला नव्हता. "यांचं मन किती मोठं बघा," बाई शेजारणीला सांगायच्या. "माझ्या भावापायी यांना चारचौघांत खाली बघायची वेळ आली. पण आजवर त्याच्याबद्दल एक वावगा शब्द नाही काढला." मिस्त्री तेव्हा पेपर वाचत असायचे. ते पेपर जरा वर उचलायचे, एवढंच.

मिस्त्री हे जातिवंत गवंडी. आता सत्तरीला आले होते आणि गुडघ्यांनी संप पुकारला होता, पण उमेदीत त्यांचा हात असा, की कामावर त्यांना सगळे ओळंबा म्हणत. भिंत सरळ आहे की नाही ते बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो, तो ओळंबा. मिस्त्रींनी उभारलेल्या भिंतीला तो लावायचीच गरज नाही, अशी त्यांची ख्याती. दोन तासांच्या वाटेवर, नदीकाठच्या एका गावात सात-आठशे वर्षांपूर्वीचा किल्ला आहे. त्याच्या डागडुजीवर मिस्त्रींनी तीन वर्षं काढली होती, त्यातली दोन मुकादम म्हणून. मुकादम झाले त्या दिवशी काढलेला फोटो बाहेरच्या खोलीत लावलेला होता. फोटोत ते बांबूच्या परांचीवर उभे, मागे भिंत, चेहऱ्यावर हसू. मात्र हा किल्ला घरच्यांना दाखवायला त्यांना तीस वर्षांत मुहूर्त सापडला नव्हता. कधी गुडघा, कधी ऊन, कधी नुसतंच, "तिथे बघायला आहे काय? दगड!" जन्मभर दगडांवर पोट भरलेल्या माणसाने असं म्हणावं, याचं लेकीला नवल वाटायचं.

या खेपेला मात्र त्यांचं काही चाललं नाही. नातीला शाळेतून 'घरातल्या मोठ्या माणसाचं काम' असा विषय मिळाला होता आणि लेक कुणाला न विचारता दिवस ठरवून मोकळी झाली होती.

"माझा गुडघा..." मिस्त्रींनी सुरुवात केली.

"चाकाची खुर्ची मिळते तिथे. मी फोन करून विचारलंय," लेक म्हणाली.

झालं. पळवाट बंद.

सकाळी सातला गाडी निघाली. जावई शिकवतो तशीच चालवतो. मागेपुढे चिटपाखरू नसलं, तरी वळताना दिवा दाखवणार. त्यामुळे दोन तासांच्या वाटेला तीन तास लागले आणि मिस्त्रींना त्यातलं एकही मिनिट जास्त वाटलं नाही. मांडीवर खाण्याची पिशवी होती, तिच्यात उकडलेली अंडी, पाव आणि काकड्या. ती दोन्ही हातांनी धरून ते खिडकीबाहेर बघत बसले होते. "आजोबा, तुम्ही घाबरलात?" नातीने विचारलं. "मी कशाला घाबरू?" ते म्हणाले, आणि पिशवी आणखी घट्ट धरली.

गाव फारसं बदललेलं नव्हतं. उताराची तीच अरुंद गल्ली, तिच्यात चपला शिवणारा, कपडे धुऊन देणारा, पाववाला. खाली नदी, नदीवर पूल आणि पलीकडे उंच काठावर किल्ला. जिथे चुना भिजवायचे हौद होते, तिथे आता तिकिटांची खिडकी झाली होती. खिडकीतल्या मुलाने मिस्त्रींचं वय विचारलं आणि तिकिटात सवलत दिली. लेक म्हणाली, "अरे, यांनीच दुरुस्त केलाय हा किल्ला!" तो मुलगा आदराने उठून उभा राहिला. मिस्त्रींना तिथेच कुठेतरी दगडाआड व्हावंसं वाटलं.

आतल्या चौकात मात्र त्यांचा जीव थोडा थाऱ्यावर आला. विहिरीवरची कमान त्यांनी स्वतः बसवली होती. खुर्चीतून उठून त्यांनी तिच्यावर हात फिरवला. कमान खणखणीत होती. सांध्यातला चुना दगडासारखा झाला होता, पण दगडापेक्षा जरासा मऊ, जसा असायला हवा तसाच.

"हे तुम्ही केलं?" नातीने वही उघडून विचारलं.

"हो."

"खरंच?"

"खरंच. हा मधला दगड आहे ना, त्याने तीन दिवस रडवलं होतं आम्हाला. बसेचना. मग धा..." मिस्त्री थांबले. मग धाकट्याने तो कोपऱ्यात इतकासा छिलला आणि दगड लोण्यात सुरी जावी तसा आत गेला, असं ते सांगणार होते. "मग बसला," ते म्हणाले.

नातीने लिहून घेतलं. पंधरा-वीस मिनिटं तिने त्यांना हिंडवलं. ही पायरी कुणाची, तो झरोका कुणाचा, असं विचारत राहिली आणि मिस्त्री सांगत राहिले. ते रंगातसुद्धा आले. मग लाल जाकीट घातलेली गाईड मुलगी चौकात जमलेल्यांना मोठ्याने म्हणाली, "चला मंडळी, आता नदीकडची भिंत!" आणि पंधरा-वीस माणसांचा तो घोळका हलला. जावयाने खुर्ची ढकलली. मिस्त्रींचा रंग उडाला.

आता हे सांगायलाच हवं, की नदीकडच्या भिंतीचं काय झालं होतं. घरात जे माहीत होतं ते असं. तीस वर्षांपूर्वी मिस्त्री आणि धाकटा त्या भिंतीवर एकत्र होते. धाकट्याने घाई केली, चुन्याच्या जागी सिमेंट कोंबलं, भिंत नासली. कामावरच्या साहेबांनी विचारलं तेव्हा त्याने कबूल केलं. त्याला कामावरून काढलं. आई गेल्यावर ज्याला बाईंनी लहानाचा मोठा केला, ज्याच्यासाठी नवऱ्याजवळ शब्द टाकून काम मिळवलं, त्या भावाने असे पांग फेडले. बाई तशाच त्याच्या खोलीवर गेल्या आणि विचारलं, "खरं आहे का?" तो खाली बघून म्हणाला, "चुकलं, ताई." "पुन्हा तोंड दाखवू नकोस," असं सांगून बाई परत आल्या. आल्या आणि दोन दिवस जेवल्या नाहीत.

यातलं शेवटचं सगळं खरं होतं. पहिलं खोटं होतं. घाई मिस्त्रींनी केली होती.

चुन्याला घाई चालत नाही. दोन दगडांमधली फट खोलवर कोरायची, धुवायची, तिच्यात थोडासाच चुना भरायचा, वरून ओलं गोणपाट टाकायचं आणि थांबायचं. गोणपाट दिवसातून तीनदा भिजवायचं. चार-पाच दिवसांनी पुढचा थर. हे थांबणं ज्याला जमतं तो चुन्याचा गवंडी. मिस्त्रींना ते जमत होतं, म्हणून तर नाव होतं. पण त्या वर्षी कंत्राटदाराने जाहीर केलं, की दोन टोळ्यांपैकी जिची भिंत आधी पुरी होईल, तिचा मिस्त्री मुकादम. आणि मिस्त्री चहाच्या टपरीवर सगळ्यांदेखत बोलून बसले, "महिनाअखेर आमची भिंत पुरी. लिहून घ्या." महिनाअखेर आली, तर दुसरी टोळी आठ दिवस पुढे. टपरीवर लोक विचारायला लागले, "काय ओळंबा, लिहून घेतलेलं खोडू का?" मिस्त्रींना ते सोसलं नाही. एवढीच गोष्ट. ना कुणाचं आजारपण, ना घरची अडचण. चार लोक हसले, ते सोसलं नाही.

धाकटा चार दिवस खाणीवर दगड निवडायला गेला होता. त्या चार दिवसांत, टोळी घरी गेल्यावर रात्री, मिस्त्रींनी शेजारच्या बांधकामावरून सिमेंट आणलं, फटींत ठासलं आणि वरून बोटभर चुन्याचा लेप दिला. भिंत पुरी झाली. मिस्त्री मुकादम झाले. फोटो निघाला. खाणीवरून परतलेल्या धाकट्याने भिंतीवर नख ओढून बघितलं आणि हळूच विचारलं, "भावोजी, चार दिवसांत वाळली ही?" मिस्त्री म्हणाले, "ऊन चांगलं होतं." धाकट्याने नखातला चुना पुसला आणि तो कामाला लागला.

सिमेंट कडक. ते पाण्याला बाहेर पडू देत नाही. दगडात शिरलेलं पाणी मग दगडातूनच वाट काढतं आणि दगड भुसभुशीत होऊन गळायला लागतो. एका हिवाळ्यात भिंतीचा भुगा पडायला लागला. साहेबांनी एक फट खरवडली आणि सगळ्यांना बोलावून विचारलं, "हे कुणी केलं?" मिस्त्रींनी तोंड उघडलं होतं, हे अगदी खरं. पण आवाज निघायच्या आत धाकटा म्हणाला, "मी." हजेरीचं बुक कुणी उघडून पाहिलं नाही. कबूल करणारा माणूस हातात आल्यावर बुकं कोण कशाला उघडतो? आणि मिस्त्रींनी उघडलेलं तोंड मिटलं. मिटलं ते मिटलंच.

त्या संध्याकाळी परांचीखाली धाकटा त्यांना म्हणाला होता, "माझं काय, भावोजी, मी सडाफटिंग. कुठेही जाईन. तुमची पोर पाच वर्षांची आहे. ताईच्या संसारात माती नको." आणि घरी येऊन मिस्त्रींनी बायकोला एवढंच सांगितलं, "धाकट्याने कबूल केलं." त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

किल्ल्याच्या लोकांनी भिंत पुढे सगळी उकलून चुन्यात नव्याने भरली. मात्र दोन हात लांबीचा एक तुकडा त्यांनी तसाच ठेवला होता, काचेआड, शेजारी पाटी लावून. तिथे दगड आत गेले होते आणि सिमेंटच्या रेघा तेवढ्या बाहेर राहिल्या होत्या, मधाचं पोळं रिकामं झाल्यावर मेणाच्या कडा राहतात तशा. मिस्त्रींनी ते कधी पाहिलं नव्हतं. आता काचेपासून दोन हातांवर त्यांची खुर्ची येऊन थांबली.

"हे आम्ही मुद्दाम ठेवलंय," गाईड सांगू लागली. "सातशे वर्षं या भिंतीला काही झालं नाही. पूर आले, वेढे पडले, काही नाही. मग एका गवंड्याने चार दिवसांत काम उरकलं. त्या चार दिवसांचं हे असं झालं."

"मामाकाम!" नात ओरडली.

घोळका वळून बघायला लागला. लेकीला हसू आवरेना. "माफ करा हं, आमच्या घरातला शब्द आहे," ती म्हणाली. "हे खरंच माझ्या मामाने केलेलं आहे. शब्द इथूनच आला." मग काय, सगळेच हसले. नात काचेपुढे उभी राहिली, अंगठा खाली करून तिने तोंड वाकडं केलं आणि जावयाने फोटो काढला. कुणीतरी म्हणालं, "मामांनाही आणायचं होतं की!" पुन्हा हशा.

मिस्त्रीणबाई हसल्या नाहीत. त्या पुढे झाल्या. आयुष्यात त्यांनी कुणाची मनधरणी केली नव्हती. दुकानदारापुढे नाही, डॉक्टरपुढे नाही, लेकीच्या सासरच्यांपुढे तर नाहीच. त्या बाई त्या पंचविशीतल्या पोरीपुढे पर्स पोटाशी धरून उभ्या राहिल्या.

"तो माझा भाऊ," त्या म्हणाल्या. "त्याला मीच वाढवला. माझ्यातच काहीतरी कमी पडलं असणार. आमच्यामुळे तुमचं एवढं नुकसान झालं. माफ करा."

गाईड गोरीमोरी झाली. "अहो आजी, असं काय करता, तुमचा काय दोष..."

मिस्त्रींना वाटलं, आत्ता. आत्ता बोल. तेवढ्यात लेकीने, आईची अडचण बघून, भलत्याच बाजूने मदत केली. "पण माझे बाबासुद्धा इथेच होते बरं का! मुकादम होते. विहिरीवरची कमान त्यांचीच."

"मुकादम?" गाईडचा चेहरा उजळला. "मग तुम्हीच सांगा ना दोन शब्द! चुन्याचं काम कसं करायचं, ते आम्हाला पुस्तकातूनच माहीत."

आणि मिस्त्री बोलले. हीच तर लाज. जे बोलायचं होतं ते नाही, दुसरंच बोलले, आणि चांगलं बोलले. फट कशी कोरायची, ती का धुवायची, गोणपाट किती वेळा भिजवायचं. "चुना माणसाची परीक्षा घेतो," ते म्हणाले. "त्याला थांबणारा माणूस लागतो." शब्द तोंडातून बाहेर पडत होते आणि ते ऐकताना त्यांना स्वतःचीच शिसारी येत होती. संपलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायकोने कौतुकाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तिची मान, मघा खाली गेलेली, पुन्हा ताठ झाली होती. तो हात त्यांना चटका बसल्यासारखा लागला.

लेक, जावई आणि नात बुरुजावर गेले. दीडशे पायऱ्या होत्या, म्हणून ही दोघं खाली नदीकाठच्या बाकावर बसली. बाईंनी पिशवीतून अंडी काढली आणि सोलायला घेतली.

"छान बोललात," त्या म्हणाल्या. "माझ्या मनावरचं ओझंच उतरलं. म्हटलं, चला, आमच्या घरातल्या एकाने तरी इथे नाव काढलं."

मिस्त्री नदीकडे बघत होते. "अगं," ते म्हणाले.

"काय?"

"ती भिंत मी केली."

"माहितेय की. दोघं होतात."

"दोघं नव्हतो. धाकटा खाणीवर होता. सिमेंट मी भरलं."

बाईंचे हात थांबले नाहीत. अंड्याचं साल त्या बारीक बारीक काढत राहिल्या. सगळं निघालं, तरी बोटं फिरतच होती.

"परत सांगा," त्या म्हणाल्या.

त्यांनी परत सांगितलं. टपरीवरच्या बढाईपासून 'माझं काय, मी सडाफटिंग' पर्यंत. सांगताना त्यांना कळत होतं, की यात कुठेही एखादं बरं कारण नाही, जे बाहेर काढून तिच्यापुढे ठेवता येईल.

बाईंनी मांडीवरची सालं गोळा केली. मग म्हणाल्या, "त्याच्या लग्नाला मी गेले नाही."

"हो."

"त्याला मुलगी झाली. त्याने फोटो पाठवला होता. मी तो नीट बघितलासुद्धा नाही, परत पाकिटात घालून पाठवून दिला. तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"घरीच होतो."

"काय करत होतात?"

"पेपर वाचत होतो."

"आणि मघाशी? मी त्या पोरीपुढे उभी होते तेव्हा?"

बाईंनी सोललेलं अंडं पिशवीवर ठेवलं, हात पुसले, पर्समधून फोन काढला आणि तो हातात धरून नुसत्या बसल्या. "माझ्याकडे त्याचा नंबरसुद्धा नाही," त्या म्हणाल्या.

मिस्त्रींनी नंबर सांगितला. सगळे आकडे, न अडखळता.

"पाठ आहे तुम्हाला?"

"वर्षातून एकदा फोन करतो तो. कामावर करायचा, आता माझ्या मोबाइलवर. तू कशी आहेस, एवढं विचारतो."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात असं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. राग असता तर बरं झालं असतं. समोर बसलेला हा माणूस कोण, असं त्या बघत होत्या. मग त्यांनी फोन मिस्त्रींच्या मांडीवर टाकला. "तुम्ही लावा. मी कुठल्या तोंडाने बोलू?"

मिस्त्रींना कमी ऐकू यायचं, म्हणून त्यांनी आवाज मोठा केला. दोनदा घंटी वाजली.

"हॅलो, कोण?"

"मी. भावोजी."

"भावोजी?" पलीकडचा आवाज एकदम घाबरला. "आज कसा काय फोन? ताई बरी आहे ना?"

"बरी आहे. इथेच बसलीय. आम्ही किल्ल्यावर आलोय. तिला सांगितलं मी. सगळं."

पलीकडे कुठेतरी दगडावर छिन्नी चालल्याचा आवाज तेवढा येत होता. तो थांबला.

"कशाला सांगितलंत?" धाकटा म्हणाला. चिडून नाही, कळवळून. "एवढी वर्षं गेली होती, उरलेलीही गेली असती. आता ती स्वतःलाच बोल लावत बसेल. तुम्हाला ठाऊक नाही का तिचा स्वभाव?"

बाईंनी हात पुढे करून फोन घेतला. कानाला लावला. शेवटी त्या म्हणाल्या, "जेवलास का?"

आणि मग त्यांना रडू फुटलं. पलीकडून काय उत्तर आलं ते मिस्त्रींना कळलं नाही. त्यांनी ऐकायचा प्रयत्नही केला नाही. तो फोन आता त्यांचा नव्हता.

बुरुजावरून मंडळी खाली आली ती धापा टाकत, हसत. आईला रडताना बघून लेक धावली. "आई! काय झालं? कोण आहे फोनवर?"

बाईंनी फोन कानापासून न काढता मिस्त्रींकडे बोट दाखवलं. "त्यांना विचार. ते सांगतील." आवाज फुटत होता, पण शब्द स्पष्ट होते. "पोरीला पण सांगा. वही काढायला सांगा तिला."

मिस्त्री उठून उभे राहिले. गुडघे कुरकुरले. बसून सांगण्यासारखं ते नव्हतं. त्यांनी तिसऱ्यांदा सांगितलं. लेक आधी "काहीतरीच काय, बाबा," म्हणाली आणि मग हळूहळू खाली बाकावर बसली. जावई आपल्या बुटांकडे बघत राहिला. मघाचा फोटो त्याच्या हातातल्या मोबाइलवर उघडाच होता. त्याने तो गुपचूप खिशात घातला.

नातीने मात्र शाळेच्या कामासारखं सगळं नीट ऐकून घेतलं. पेन्सिल तोंडात धरून थोडा विचार केला.

"म्हणजे मामाआजोबांनी काहीच केलं नव्हतं?"

"नाही."

"तरी त्यांना कामावरून काढलं?"

"हो."

"कोणी काढलं?"

मिस्त्रींनी बायकोकडे पाहिलं. हे तिलाही सांगितलेलं नव्हतं. तिन्ही वेळा त्यांनी ते गाळलं होतं. बाईंचं बोलणं थांबलं होतं. फोन कानाला तसाच होता आणि त्या ऐकत होत्या.

"मुकादमाने काढलं," मिस्त्री म्हणाले. "हजेरीच्या बुकातून नाव मुकादमच खोडतो."

नातीने 'मुकादम' असं लिहिलं. "त्यांचं नाव काय?"

"माझंच लिही," मिस्त्री म्हणाले.